बाबाजान पोलिसाची फुटकी लाठी

माळटाकळीच्या पोलीस ठाण्यातला बक्कल नंबर तीनशे सतरा, म्हणजे बाबाजान दाऊद शेख, हा मारण्याच्या बाबतीत अख्ख्या तालुक्यात नावाजलेला होता. नेवाशाच्या बाजारात एखाद्या खिसेकापूला धरला आणि नुसतं म्हटलं, "याला माळटाकळीच्या बाबाजानकडं धाडा," की तो खिसेकापू उडवलेलं पाकीट तर काढून द्यायचाच, वर स्वतःचंही पुढं करायचा. बाबाजानच्या मिशा कानापर्यंत जात. आवाज असा की चौकात खाकरला तर टांग्याची घोडी कान टवकारी. अंगानं आडवा, रंगानं पक्का. सरकारनं पोलीस म्हणून एखादा माणूस मुद्दाम घडवून घ्यायचा ठरवला असता तर तो असाच झाला असता.

आता यातली खरी गोष्ट अशी, की सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाबाजाननं एकाच माणसाला मारलं होतं.

ती हकिगत नोकरीच्या पहिल्या वर्षातली. एका जत्रेत बंदोबस्ताला होता. रथाच्या वाटेत एक म्हातारा उभा. बाबाजाननं तीनदा ओरडून सांगितलं, "बाजूला व्हा." म्हातारा हलेना. नव्या वर्दीची गुर्मी होती, दिला एक फटका. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं, कानाला हात लावला आणि हसून मान हलवली. ठार बहिरा होता. मारणारा पोलीस आहे हे बघून उलट त्यानंच हात जोडले. बाबाजान त्या दिवशी जेवला नाही, आणि त्यानंतर त्याची लाठी माणसाच्या अंगाला कधी लागली नाही.

पण पोलिसात राहून मारायचं नाही, हे हलवायाच्या दुकानात राहून गोड न खाण्यासारखं अवघड. त्यातून बाबाजाननं तोड काढली ती ठाण्यामागच्या दगडाची.

ठाण्यामागं भिंतीनं बंदिस्त केलेलं आवार होतं आणि त्यात गुडघाभर उंचीचा एक काळा दगड होता. जुने फौजदार त्यावर पाय ठेवून घोड्यावर चढत. पुढं फौजदारांचे घोडे गेले, सायकली आल्या. सायकलवर चढायला दगड लागत नाही, म्हणून तो बिचारा बेकार पडला होता. बाबाजाननं त्याला पुन्हा सरकारी कामाला लावलं. संशयिताला मागं न्यायचं, दगडाशेजारी बसवायचं आणि दगडाला झोडपायचं. ओरडायचं काम संशयिताचं.

या कामात छगनचा हात धरणारा कोणी नव्हता. छगन हा गावचा कायमचा बोकडचोर. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचं तरी बोकड त्याच्यामागं चालत यायचं, आणि त्याच्यामागं पोलीस.

"कुठनं सुरवात करू?" बाबाजान बाह्या सारत विचारी.

"पाठीपासनं करा की चाचा. मागल्या बारीला पायापासनं केली हुती."

"वरड मात्र नीट. मागल्या खेपेला मी चार हानले आन् तू सहा वेळा वरडलास. जमादार पुढं बसून मोजतो."

"दोन आधीचे राहिले हुते."

"आन् 'मेलो, मेलो' म्हनू नगंस. तू मेलास तर मला नगरपातूर कागद करावे लागत्याल. 'आई गं' म्हन. आईला कागद लागत न्हाई."

मग दगडावर ठाप ठाप आवाज सुरू होई, आणि छगन अशी आरोळी ठोकी की ठाण्यापुढच्या वडाखालचे बाजारकरी सौदा सोडून उठत. मार संपला की बाबाजान गुळाचा चहा मागवी. दोघं त्याच दगडावर बसून पीत, आणि बाबाजान हळूच विचारी, "छगन्या, बोकड कुठं बांधलंस? त्याला पानी पाजलंस का न्हाई?" पाण्याचं नाव काढलं की छगन विरघळे. त्या बोकडाची तहान त्याच्याच घशाला लागे. तो ठिकाण सांगून टाकी आणि लंगडत बाहेर पडे. "डाव्या पायानं लंगड," बाबाजान मागून आठवण करी, "उजव्याला कशाला तरास!"

ठाण्याच्या डायरीत या साऱ्याची नोंद एकच होई : 'समज दिली, कबुली दिली.'

काकासाहेब जमादारांची नोंदही तीच असे, पण त्यांची समज दगडाला मिळत नसे. जमादार हे ठाण्याचे प्रमुख. नीटनेटका माणूस. बुटात तोंड दिसावं, पट्ट्याचं पितळ चमकावं, आणि लाठी तर त्यांनी लेकीसारखी सांभाळलेली. दर शुक्रवारी तिला करडईचं तेल. खालच्या टोकाची लोखंडी शेंबी राखेनं घासलेली. लाठीला तागाची पिशवीसुद्धा होती. कुणाला मारताना ते नाकातून 'हं' असा आवाज काढत. सुतार रंधा मारताना काढतो तसा. त्यांच्या मनात काही वाईट नसे. काम स्वच्छ व्हावं एवढंच.

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात रेशनच्या दुकानावर तांबड्या मिलोची पोती आली. तो परदेशी दाणा माळटाकळीची गुरंही वास घेऊन सोडत, पण ज्वारी कुठंच नव्हती. सकाळपासून रांग लागली. दुपारी दुकानदारानं फळी लावून घेतली आणि म्हणाला, "संपलं." आतली पोती फटीतून दिसत होती. लोक फळीवर हात मारू लागले. जमादार चार शिपाई घेऊन आले आणि त्यांनी हुकूम दिला, "हाना!"

बाबाजान हुकमाचा पक्का. त्यानं हाणायला सुरुवात केली. दुकानाचा दगडी ओटा हाणला, सोडलेल्या बैलगाडीचं चाक हाणलं, मुरमाड जमीन हाणली. धुरळा आणि आवाज असा उठला की लोक चहूकडं पांगले. अंडी विकणारी छबूबाई तेवढी पाटीवर हात धरून बसून राहिली. "बाबाजान, माझ्या पाटीपून लांब हान रं बाबा! अंडी हायती!" बाबाजाननं हवेतल्या हवेत लाठी वळवली आणि शेजारच्या खांबाला दिली. तिथं ती टोकापासून उभी चिरली.

त्याच गडबडीत आसाराम शिंप्याचा उजवा हात मोडला.

आसाराम ठाण्यासमोर शिलाईचं दुकान घालून बसणारा गरीब माणूस. त्यानं फळीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. गर्दीत पडलेलं आपलं रेशनकार्ड उचलायला वाकला आणि मागून फटका बसला. शिंप्याचा उजवा हात म्हणजे त्याचं अख्खं घर. हाडवैद्यानं बांबूच्या चिपा बांधून दिल्या, आणि आसाराम बंद पडलेल्या मशीनपुढं सकाळ-संध्याकाळ नुसता बसू लागला, दुखणेकऱ्याच्या उशाशी बसावं तसा.

एरवी ही गोष्ट 'जमावास समज दिली' या तीन शब्दांत मिटली असती. पण मुंबईला नवं मंत्रिमंडळ बसलं होतं आणि वरून नवं परिपत्रक आलं होतं. पोलिसांनी बळ किती वापरावं याचं माप त्यात ठरवून दिलं होतं : कमीत कमी आणि गरजेपुरतं. शिवाय लाठी चालल्यास त्या दिवशीच्या सगळ्या लाठ्या मोहरबंद कराव्यात आणि चौकशी अधिकाऱ्यानं त्यांची पाहणी करावी, असं सातवं कलम होतं.

त्या कलमाबरहुकूम नगरहून डेप्युटी साहेब आले. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, प्रामाणिक गृहस्थ. ठाण्याच्या ओसरीवर टेबल मांडलं. त्यावर पाच लाठ्या, प्रत्येकीला लाखेची मोहर आणि चिठ्ठी. साहेबांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि लाठ्यांचे ओरखडे मोजायला लागले. कारकून लिहीत होता.

चार लाठ्यांचं फार काही निघालं नाही. जमादारांची तर दुकानातून आत्ताच आणल्यासारखी. पाचवी हातात घेतल्याबरोबर साहेबांच्या बोटात कुसळ गेलं.

"अरे बापरे," साहेब म्हणाले. "चीर साडेसात इंच. शेंबी पार चेपलेली. कुणाची ही?"

"तीनशे सतरा, साहेब," बाबाजान टाच जुळवून म्हणाला.

साहेबांनी त्याच्या मिशांकडं पाहिलं, मग लाठीकडं, मग पुन्हा मिशांकडं. चौकशी तिथंच संपल्यासारखी झाली. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. ज्या लाठीस सर्वांत जास्त इजा झाली, तिनेच सर्वांत जास्त इजा केली असे समजण्यास हरकत नाही."

जमादारांची जबानी आधीच लिहून तयार होती : 'मी केवळ धाकासाठी लाठी जमिनीवर आपटली. कोणाच्याही अंगास स्पर्श केला नाही.' आसारामचीही होती : 'मागून मारले. मारणारा पाहिला नाही.' राहिला बाबाजान. त्याला उद्या सकाळी जबानी द्यायला सांगून साहेब मुक्कामाच्या बंगल्याकडं गेले. जाताना कारकून कानात बोलला, "चाचा, बडतर्फीचा रंग दिसतोय."

पोलीस लायनीतली बाबाजानची खोली आवाराच्या भिंतीला लागून होती. इमामबी चुलीपुढं भाकरी थापत होती. सारं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग खरं सांगून टाका ना साहेबाला."

"काय सांगू? 'मारलं' म्हणालो तर आसारामचा हात माझ्या गळ्यात. 'नाही मारलं' म्हणालो तर हुकूम मोडला. सव्वीस वर्षं ज्याला मारायला ठेवला त्यानं मारलंच नाही म्हटल्यावर सरकार काय आरती ओवाळणार? दोन्हीकडून घरीच बसायचं."

"जमादाराचं नाव सांगा."

"मी पाहिलं नाही. पाठ होती माझी. न पाहिलेलं कसं सांगू?"

इमामबीनं भाकरी उलटली. "घरीच बसायचं असेल तर खरं बोलून बसा," ती म्हणाली. "खोटं बोलून घरी बसलात तर या घरात नाही चालायचं. दिवसभर तुमचं तोंड मला बघायचंय."

सकाळी ओसरीवर बाबाजान उभा राहिला. जमादार खुर्चीवर, मांडीवर टोपी. साहेबांनी चष्मा पुसला.

"रेशनच्या दुकानापाशी तुम्ही लाठी चालवली?"

"चालवली साहेब."

"कुणाला मारलंत?"

"ओट्याला. गाडीच्या चाकाला. जमिनीला. शेवटी खांबाला."

कारकुनाची लेखणी थांबली. जमादारांच्या तोंडून हसू फुटलं. "साहेब, या माणसाला तालुका भितो. ह्यो म्हनं खांबाला मारतो!"

"तालुका भितो तो वरडन्याला," बाबाजान म्हणाला. "मी सव्वीस वरसं दगडालाच मारतोय, साहेब. ठाण्यामागं हाय त्यो. त्याची जबानी घेता आली तर बघा."

"ही चौकशी आहे, थट्टा नाही. याला साक्षीदार आहे का कुणी?"

बाबाजान घुटमळला. साक्षीदार कोठडीतच होता. परवाच एक बोकड त्याच्यामागं आलं होतं.

छगनला बाहेर आणला. साहेबांपुढं उभं राहायचं म्हणून त्यानं पाण्यानं केस बसवले होते.

"या शिपायानं तुला कधी मारलंय?"

"चाचांच्या हातचा मार मी एकवीस वेळा खाल्लाय, साहेब," छगन अभिमानानं म्हणाला.

"म्हणजे मारलं तर!"

"मारलं की. दगडाला."

"मग तू खाल्लंस काय?"

"गुळाचा चा."

साहेबांना राग आला. त्यांना वाटलं, गावानं मिळून आपली फिरकी घेतली. ते म्हणाले, "ठीक आहे. आत्ता, इथं करून दाखवा. मी इथंच बसतो." साहेबांबरोबरच्या शिपायाची लाठी घेऊन दोघं मागच्या आवारात गेले. मग ठाप असा आवाज आला, आणि त्यामागून जी 'आई गं' उठली ती ऐकून साहेबांच्या हातातला पेला पडला. दुसऱ्या 'आई गं'ला ते उठले. तिसरीला ते धावत आवारात पोचले. बघतात तर बाबाजान घामाघूम होऊन दगडाला झोडपतोय, आणि छगन शेजारी उकिडवा बसून, डोळे मिटून, एका हातानं पायातला काटा काढत, जीव तोडून ओरडतोय.

"पुरे!" साहेब म्हणाले.

"अजून एक राहिला साहेब," छगन म्हणाला आणि तोही पुरा केला.

तोवर बाजार ओसरीपाशी गोळा झाला होता. त्यात चिपा बांधलेला आसारामही होता. साहेब टेबलापाशी परत आले आणि हातानं डोकं धरून बसले. माप घ्यायला फूटपट्टी आणली होती, आणि माप उलटं निघालं होतं.

छगन टेबलावरच्या लाठ्या बघत होता. "ही चाचांची," तो म्हणाला. "आन् ही जमादारांची."

"चिठ्ठी वाचता येते तुला?"

"न्हाई. हिची वळख डोळ्यांनी न्हाई, पाठीनं हाय. चाचा रजंवर गेल्तं तवा दोनदा झाली." त्यानं लाठी हलकेच फिरवली. "साहेब, जमादार काय म्हनत्यात, हिला कशावर आपटली?"

"जमिनीवर."

"आमची जमीन मुरमाड हाय. चार बार आपटली की शेंबी चेपून जाती. चाचांची बघा. आन् हिच्या शेंबीत तुमचं तोंड दिसंल."

साहेबांनी शेंबी डोळ्यांजवळ नेली. तिच्यात चष्म्यासकट त्यांचं तोंड दिसलं.

"दगड लाठीला फोडतो, जमीन घासती," छगन म्हणाला. "मऊ कशावर बसली तरच ती अशी ऱ्हाती."

जमादारांनी मांडीवरची टोपी उगाच सरळ केली. "चोराच्या तोंडावर माझी वीस वरसांची नोकरी..." ते म्हणू लागले. तेवढ्यात आसाराम पायरी चढून वर आला.

"साहेब, मी लिहून दिलं की मारनारा दिसला न्हाई. ते खरं हाय. पन ऐकू आला हुता."

"काय ऐकू आलं?"

आसारामनं जमादारांकडं पाहिलं नाही. आपल्या बांधलेल्या हाताकडं पाहत त्यानं नाकातून आवाज काढला : "हं."

गर्दीतून छबूबाईचं हसू फुटलं आणि लगेच थांबलं. तो आवाज गावात सगळ्यांना ठाऊक होता.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"इचारलं, काय पाहिलं. काय ऐकलं ते कुनी इचारलं न्हाई." आसारामनं डाव्या हातानं समोर दाखवलं. "आन् माझं दुकान ठान्याच्या समोरच हाय, साहेब. रोज उघडायचंय."

साहेबांनी कारकुनाला आधीचं वाक्य खोडायला सांगितलं. मग नवी जबानी सुरू झाली, ती दुपारपर्यंत चालली.

निकाल यायला तीन महिने लागले. काकासाहेब जमादारांना दोषी धरलं. त्यांची एक बढती लांबणीवर टाकून त्यांची बदली झाली. आणि जी जागा रिकामी होती ती नेमकी माळटाकळीपेक्षा मोठ्या ठाण्याची निघाली. शेऱ्यात त्यांच्या लाठीच्या निगराणीचा चांगला उल्लेख होता. आसारामच्या हाताबद्दल सरकारनं खेद व्यक्त केला. हात तोवर जुळला होता, पण कोपरात किंचित वाकडा. पुढं माळटाकळीत शिवलेल्या सदऱ्यांची उजवी बाही जरा बाहेर बघायची, आणि नगरच्या बाजारातही लोक त्यावरून माणूस कुठला ते ओळखत.

बाबाजानची नोकरी राहिली. कोणालाही न मारल्याबद्दल त्याच्यावर हुकूम मोडल्याचा ठपका होता, पण दीर्घ सेवा पाहून तो माफ झाला. माफ झालं नाही ते दुसरं. 'सरकारी लाठी सव्वीस वर्षे दगडावर आपटून खराब केल्याबद्दल' त्याला सक्त ताकीद मिळाली. सोबत नवी कोरी लाठी आली, आणि हुकूम आला की तिची दर महिन्याला तपासणी होईल. एक ओरखडा दिसला तरी लेखी खुलासा द्यावा लागेल.

बाबाजाननं लाठी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. आता ही दगडावर चालवायची सोय राहिली नव्हती. ही आता फक्त मऊ जागीच चालवता येत होती. परिपत्रक काढणाऱ्याच्या मनात हे नसणार, पण कागदावर तसंच होतं.

आणि आठवड्याच्या आत छगन आला. मागं बोकड होतं.

नवे जमादार पुढं खुर्चीवर बसले. "बाबाजान, तुमचं लई नाव ऐकलंय," ते म्हणाले. "ऐकू द्या जरा."

मागच्या आवारात छगन सवयीनं दगडापाशी जाऊन बसला. बाबाजान नवी लाठी घेऊन उभा. दगडाकडं बघे, लाठीकडं बघे, छगनच्या पाठीकडं बघे.

"चाचा, काय झालं?"

"इचार करतोय."

"माझ्या पाठीकडं बघून इचार नका करू."

पुढून जमादार खाकरले. बाबाजानच्या कपाळाला घाम आला. अजून वर्ष-सव्वा वर्षाची नोकरी होती आणि तो बहिरा म्हातारा हात जोडून डोळ्यांपुढं उभा होता.

तेवढ्यात भिंतीवरून इमामबीचा हात आला. हातात कपडे धुवायचं लाकडी धोपटणं होतं, ओलं, साबणाच्या वासाचं.

"हे घ्या," भिंतीपलीकडून ती म्हणाली. "हे सरकारी नाही. याची तपासणी मी करते."

बाबाजाननं लाठी भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि धोपटण्यानं दगडाला एक दिली. आवाज लाठीपेक्षा भरीव निघाला. छगननं कान देऊन ऐकला आणि मान डोलावली. "याला जरा खालच्या पट्टीत वरडावं लागंल," तो म्हणाला आणि घसा साफ केला.

ठाण्यासमोर आसारामची मशीन चालू होती. पहिला ठाप ऐकला तसा त्याचा पाय थांबला. सुई कापडात तशीच राहिली. दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकामागं छगनची 'आई गं' येत होती. आसाराम त्या दोन्हींच्या मधली जागा ऐकत होता.

तिथं 'हं' नव्हतं. त्यानं वाकडा हात चाकावर ठेवला आणि राहिलेली बाही पुढं शिवायला घेतली.